पावसाळ्यात फुगणारं, खालून कुजणारं दार: आधी काय बघायचं, रंधा कधी मारायचा आणि कुठे थांबायचं

आर्द्रा नक्षत्र लागलं की दारांसाठी फोन सुरू होतात. नाशिकमध्ये इंदिरानगरला बाथरूमचं दार लागत नाही, सिडकोत गच्चीचं दार खांद्याने ढकलावं लागतं, पंचवटीतल्या एखाद्या जुन्या घरात माजघराचं दार अर्ध्यात अडून बसतं. मागणी सगळीकडे एकच असते: "या आणि जरा रंधून द्या." सुतारकामात इतकी दारं हातांखालून गेल्यावर मी या मागणीला लगेच हो म्हणत नाही. रंधा मारणं अर्ध्या तासाचं काम आहे. पण पाणी ज्या वाटेने दारात शिरतंय ती वाट तशीच राहिली, तर पुढच्या आषाढात तेच दार पुन्हा अडतं. आणि उन्हाळ्यात त्याच दाराच्या कडेने बोटभर फट पडते, पाली आणि धूळ आत येते ती वेगळीच.

म्हणून आधी पाण्याची वाट शोधायची, मग दाराला हात लावायचा. मी ज्या क्रमाने तपासतो त्याच क्रमाने इथे लिहितो. सुरुवातीच्या तपासण्यांना पैसे लागत नाहीत. बऱ्याच घरांत दोष तिथेच सापडतो आणि पुढचा खर्च वाचतो.

लक्षणं

दार फुगलं, असं सगळेच म्हणतात. पण त्या एका तक्रारीत चार-पाच वेगळे दोष असतात. खालचं वाचून तुमचं दार कशात बसतं ते आधी ठरवा.

दार कुलपाकडच्या कडेला वरपासून खालपर्यंत सारखं घासतं, जून ते सप्टेंबरच त्रास देतं आणि दिवाळीनंतर आपोआप मोकळं होतं. लाकूड टणक आहे, रंग शाबूत आहे. हे ऋतूचं फुगणं.

दार फक्त एका कोपऱ्यात घासतं. कुलपाकडचा वरचा कोपरा चौकटीला लागतो किंवा खालचा कोपरा फरशीवर ओढला जातो आणि तिथे अर्धवर्तुळाकार ओरखडा दिसतो. हा बहुतेक वेळा पाण्याचा दोष नसतो, बिजागरीचा असतो.

दाराचा खालचा चार-सहा इंचांचा भाग जाड झालाय, सनमायका सुटलाय, प्लायचे थर उघडलेत, दाबलं तर पाणी किंवा काळपट रस येतो. इथे पाणी खालच्या कडेतून आत गेलंय.

दार ठीक आहे, पण चौकटीचे पाय काळे पडलेत, रंगाला फोड आलेत, नख रुततं. पाणी फरशीतून किंवा भिंतीतून वर चढतंय.

चौकटीवर मातीच्या बारीक नळ्या दिसतात, किंवा दाराखाली पिठासारखा भुसा साचतो. ही कीड आहे. ओलीचा आणि वाळवीचा संबंध जवळचा असला तरी उपाय वेगळा आहे.

आधी एवढं समजून घ्या

लाकूड लांबीत जवळजवळ वाढतच नाही. ते वाढतं आणि आकसतं ते रेषेच्या आडवं, म्हणजे रुंदीत. त्यामुळे भरीव लाकडाचं दार पावसाळ्यात रुंद होतं, उंच होत नाही. तुमचं दार वरच्या चौकटीला घासत असेल, तर "पावसाने फुगलं" हे उत्तर चुकीचं असण्याचीच शक्यता जास्त. या एका गोष्टीवरून निम्मं निदान घरबसल्या होतं.

नाशिकच्या हवेत हा खेळ जरा जास्तच चालतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, हवा कोरडी असते आणि लाकूड आकसतं. जुलैमध्ये त्र्यंबकच्या डोंगरांकडून आठ-आठ दिवस झड लागते आणि तेच लाकूड हवेतली ओल पिऊन भरतं. पुन्हा डिसेंबर-जानेवारीची कोरडी थंडी. इगतपुरीसारखा पाऊस शहरात पडत नाही, तरी कोरड्या आणि ओल्या दिवसांतला फरक दाराला पुरेसा असतो.

कुजणं मात्र हवेतल्या दमटपणाने होत नाही. लाकडातलं पाण्याचं प्रमाण साधारण २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिलं, तरच कुजवणारी बुरशी जोर धरते. घरातलं कोरडं लाकूड त्याच्या बरंच खाली असतं. म्हणजे दार कुजत असेल, तर कुठून तरी प्रत्यक्ष पाणी मिळतंय, आणि ती जागा शोधता येते.

पहिली तपासणी: खडू आणि कागद

चौकटीच्या ज्या कडेवर दार टेकतं तिथे पांढरा खडू जाडसर घासा. दार हळू लावा, पुन्हा उघडा. दारावर खडू जिथे उमटला तिथेच ते घासतंय. मग वर्तमानपत्राची पट्टी बंद दाराच्या फटीत घालून वरून खाली सरकवा. कुठे अडते, कुठे सैल जाते ते बघा आणि पेन्सिलीने खुणा करा.

हे इतकं साधं आहे म्हणून लोक टाळतात. पण खुणा न करता रंधा मारला, तर जिथे घासत नव्हतं तिथलंही लाकूड जातं, आणि काढलेलं लाकूड परत लावता येत नाही. खुणा वरपासून खालपर्यंत सारख्या आल्या तर फुगणं, एका कोपऱ्यातच आल्या तर पुढची तपासणी.

बिजागरीचे स्क्रू

दार थोडं उघडून कुलपाकडची कड दोन्ही हातांनी वर उचलून बघा. दार जराही वर-खाली हललं तर वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल आहेत. दाराचं सगळं ओढणं वरच्या बिजागरीवर येतं, त्यामुळे तीच आधी हार मानते. बाथरूममध्ये तर लोखंडी स्क्रू गंजतात आणि गंज भोवतालच्या लाकडालाही खातो. स्क्रू फिरवला की नुसता फिरत राहतो.

उपाय स्वस्त आहे. स्क्रू काढा, भोक कोरडं करा, त्यात पाण्यात टिकणारा मरीन प्रतीचा फेविकॉल लावून बांबूची किंवा सागाची खुंटी ठोका, एक दिवस वाळू द्या. मग बारीक ड्रिलने भोक पाडून स्टेनलेस स्टीलचे, आधीपेक्षा अर्धा इंच लांब स्क्रू घाला. काड्यापेटीच्या काड्या कोंबून स्क्रू पिळणं हा प्रकार पंधरा दिवस टिकतो, करू नका. बाथरूमचं दार असेल तर बिजागऱ्याही स्टेनलेस स्टीलच्याच घ्या. जड दाराला दोनच बिजागऱ्या असतील तर तिसरी बसवून घ्या.

हे झाल्यावर खडूची तपासणी पुन्हा करा. कित्येक दारं इथेच सुटतात, आणि रंधा पेटीतून बाहेरही काढावा लागत नाही.

खालची कड: जी कुणीच रंगवत नाही

आता मोबाईलचा कॅमेरा सुरू करून दाराच्या खाली सरकवा आणि खालच्या कडेचा फोटो काढा. वरच्या कडेवरून हात फिरवा. माझ्या अनुभवात ओलीने खराब झालेल्या दारांमागे सगळ्यात मोठं कारण हेच निघतं: दार चौकटीत बसवल्यावर रंगारी येतो, समोरून-मागून सुरेख रंगवतो, आणि खालची-वरची कड कोरी राहते. दिसत नाही, म्हणून कुणी विचारतही नाही.

आणि पाणी नेमकं तिथूनच शिरतं. झाड ज्या बारीक नळ्यांनी पाणी वर नेतं, त्या नळ्यांची तोंडं खालच्या कडेला उघडी असतात. समोरच्या बाजूने पाणी जितकं आत जातं त्याच्या कितीतरी पट ते या तोंडांतून वर ओढलं जातं. फ्लश डोअरमध्ये तर आत लाकडी पट्ट्यांचा गाभा आणि बाहेर प्लाय असतो. खालून पाणी शिरलं की गाभा फुगतो, प्लायचा डिंक सुटतो आणि सनमायका पापडासारखा उठतो. स्वस्त दारांत गाभा भुशाच्या बोर्डाचा असतो. तो एकदा फुगला की वाळल्यावरही पूर्वीच्या जाडीला येत नाही. कोपऱ्यात सुटलेल्या थरातून आत बघा: लाकडाच्या पट्ट्या दिसल्या तर दार वाचवता येतं, भुसा दिसला तर त्यावर पैसे घालू नका.

खालची कड कोरी आहे पण लाकूड अजून टणक आहे, असं असेल तर तुम्ही वेळेवर आहात. ते बंद कसं करायचं ते पुढे लिहिलंय, कारण त्यात वेळेची फार काळजी घ्यावी लागते.

तांब्याभर पाणी ओता

बाथरूमच्या दारापाशी, आतल्या बाजूला, तांब्याभर पाणी ओता आणि उभं राहून बघा. पाणी नहाणीच्या जाळीकडे जायला हवं. ते उंबऱ्यापाशी थबकून राहिलं किंवा चौकटीच्या पायाकडे वळलं, तर फरशीचा उतार चुकलाय. मग दारावर कितीही रंग लावा, रोजच्या अंघोळीचं पाणी चौकटीच्या पायात उभंच राहणार.

इथे लोक सुताराला बोलवतात, पण हे काम गवंड्याचं आहे. उतार दुरुस्त करणं खर्चाचं आहे हे खरं. तोवर दोन गोष्टी करता येतात. अंघोळ झाली की वायपरने पाणी जाळीकडे ओढायचं, आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूची फरशी-चौकटीतली भेग साफ करून, पूर्ण वाळवून सिलिकॉनने बंद करायची. उंबराच नसेल, बाथरूम आणि खोली एका पातळीत असेल, तर निदान इंच-दीड इंचाची ग्रॅनाइटची पट्टी बसवून घ्या.

दाराच्या खाली १० ते १२ मिलिमीटर फट हवी. पाण्याचे शिंतोडे दाराला चिकटून राहत नाहीत हा एक फायदा. दुसरा असा की एक्झॉस्ट पंखा लावल्यावर बाहेरची हवा त्या फटीतून आत येते आणि बाथरूम खरंच वाळतं. फट बंद असेल तर पंखा नुसता फिरतो. अंघोळीनंतर पंखा अर्धा तास चालू ठेवा.

आतून खालच्या भागाला ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. मला तो पत्रा फारसा आवडत नाही. पाणी पत्र्याच्या वरच्या कडेतून आणि खिळ्यांच्या भोकांतून मागे उतरतं, वाळत नाही, आणि समोरून सगळं चकचकीत दिसत असताना मागे लाकूड कुजत जातं. पत्रा लावायचाच असेल तर आधी त्यामागचं लाकूड प्रायमर आणि रंगाने बंद करा, पत्रा खालच्या कडेला वळवून घ्या आणि वरच्या कडेला सिलिकॉनची सलग रेघ ओढा.

गच्ची, बाल्कनी आणि मुख्य दार

आपल्याकडे पावसाचा मारा मुख्यतः पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून असतो. त्या बाजूला तोंड असलेलं गच्चीचं दार आणि त्याच घरातलं पूर्वेचं दार शेजारी ठेवून बघितलं, तर ती एकाच वर्षी बसवली आहेत यावर विश्वास बसत नाही.

पाऊस पडत असताना छत्री घेऊन बाहेर उभे राहा. छज्जा आहे का, किती बाहेर आलाय, आणि छज्ज्याच्या खालच्या बाजूला पाणी तोडणारी खाच आहे का ते बघा. ती खाच नसली की पाणी छज्ज्याच्या पोटाला चिकटून आत येतं, भिंतीवरून उतरतं आणि थेट चौकटीच्या डोक्यावर पोहोचतं. खाच बुजली असेल तर मोकळी करून घ्या. नसेल तर ॲल्युमिनियमची एल आकाराची बारीक पट्टी सिलिकॉनने चिकटवली तरी पाणी तिथेच तुटून खाली पडतं. दाराच्या खालच्या भागालाही बाहेरून उताराची पट्टी बसवता येते, म्हणजे दारावरून ओघळणारं पाणी उंबऱ्याच्या बाहेर पडतं.

गच्चीवरचं पाणी जाणारी तोंडं पालापाचोळ्याने तुंबली आहेत का, हेही बघा. दोन इंच पाणी दाराशी उभं राहिलं की उंबऱ्याखालून आत येतंच. हे पावसाळ्याआधी हाताने साफ करण्याचं काम आहे, त्याला कारागीर लागत नाही.

भिंतीतून ओल येते का

चौकटीच्या बाजूची भिंत कोरडी वाटते, तरी चौकट काळी पडते. अशा वेळी जाड पॉलिथिनचा फूटभर तुकडा चौकटीलगतच्या भिंतीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक दिवस ठेवा. दुसऱ्या दिवशी पॉलिथिनच्या आतल्या बाजूला थेंब दिसले तर भिंतीतूनच ओल येतेय. आतून कोरडं आणि बाहेरून ओलसर असेल तर हवेतला दमटपणा आहे, खिडकी आणि पंख्याने सुटेल.

भिंतीतून ओल येत असेल तर पलीकडे काय आहे ते बघा. बाथरूमचा नळ आहे, की वरच्या मजल्याची मोरी? सगळे नळ बंद करून रात्री मीटरचा आकडा लिहून ठेवा, सकाळी पुन्हा बघा. आकडा पुढे गेला असेल तर पाइप गळतोय. आकडा हलला नाही तर सांडपाण्याची लाइन किंवा फरशीचे सांधे गळत असतील. ते मीटरवर दिसत नाही.

टोच्या

आता जुना स्क्रूड्रायव्हर किंवा टोच्या घ्या आणि चौकटीच्या पायापासून वर, दर दोन इंचांवर दाबत जा. चांगलं लाकूड अडवतं, आणि खरवडलं तर लांब धागे निघतात. कुजलेलं लाकूड आखूड तुकड्यांत मोडतं. टोच्या जिथे अडायला लागला तिथे रेघ मारा. चांगल्या लाकडाची हद्द तिथून सुरू होते, आणि दुरुस्ती तिच्याही दोन इंच वरून करायची. रंग लावून झाकलेलं लाकूड डोळ्यांना फसवतं, टोच्याला नाही.

मातीच्या नळ्या सापडल्या तर एक मोडून बघा. आत पांढऱ्या किड्यांची हालचाल दिसली किंवा दोन दिवसांनी नळी पुन्हा बांधलेली दिसली, तर वाळवी जिवंत आहे. नळी मोडून रॉकेल चोपडल्याने ती मरत नाही, कारण तिचं वारूळ जमिनीत असतं. दुसरी वाट धरून ती पुन्हा येते. बारीक गोल छिद्रं आणि त्याखाली मैद्यासारखा भुसा ही लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची खूण. तो छोट्या जागेत असेल तर छिद्रांत इंजेक्शनने औषध भरून भागतं.

दुरुस्ती कधी करायची

पावसाळ्यात दार अडलं म्हणून जुलैत रंधा मारू नका, हे मी प्रत्येक घरी सांगतो. तेव्हा लाकूड सगळ्यात जास्त भरलेलं असतं. आत्ता ते फटीत बरोबर बसेल इतकं काढलंत, तर मार्चमध्ये दार सैल होऊन वाऱ्याने वाजायला लागेल. तोवर काम भागवायला साधी पांढरी मेणबत्ती घासणाऱ्या कडेवर चोळा, दार सरकतं. फक्त पुढे रंग देण्याआधी ते मेण टर्पेंटाइनने पुसून पॉलिश पेपर मारावा लागतो, नाहीतर रंग धरत नाही. घरातून बाहेर पडायचं एकमेव दारच उघडत नसेल, तर मात्र थोडं रंधून घ्या, माणसाची सोय आधी.

मोजमाप दसरा-दिवाळीच्या सुमारास घ्या आणि काम जानेवारी ते मे या दिवसांत करा. भरीव लाकडाच्या दाराला उन्हाळ्यात कुलपाकडे तीन मिलिमीटर फट ठेवली, की ती पावसाळ्यात भरून एक-दीडवर येते आणि दार अडत नाही. रंधा शक्यतो बिजागरीकडच्या कडेला मारावा, म्हणजे कुलपाची खाच हलवावी लागत नाही.

खालची कड बंद करण्याचं काम असं करा. दार उतरवा; दोन माणसं लागतात, फ्लश डोअर दिसतं त्यापेक्षा जड असतं. सावलीत, वारा लागेल अशा जागी दोन विटांवर उभं ठेवा. कडक उन्हात ठेवू नका, एक बाजू आधी आकसते आणि दार वाकतं. दाराची रुंदी आणि खालची जाडी पेन्सिलीच्या खुणेवर मोजून लिहा आणि दर चार दिवसांनी पुन्हा मोजा. आकडा उतरायचा थांबला की दार वाळलं. ओलं असताना रंगाने बंद केलंत तर पाणी आत कोंडलं जातं आणि कुजणं वेगाने होतं. रंगवलेलं दार जास्त लवकर गेलं, अशी तक्रार घेऊन माणसं येतात ती यामुळेच.

वाळल्यावर सुटलेले थर उघडून आत डिंक भरा, दोन पट्ट्यांमध्ये शिकंजाने (क्लॅम्पने) दाबून रात्रभर ठेवा. कड पॉलिश पेपरने साफ करा. पहिला प्रायमरचा हात टर्पेंटाइन घालून पातळ करा, म्हणजे तो नळ्यांच्या तोंडांत खोल शिरतो. तो वाळला की दुसरा जाड हात, मग ऑइल पेंटचे दोन हात. बाथरूमच्या दाराला मी प्रायमरऐवजी दोन भागांचं इपॉक्सी पसंत करतो, महाग पडतं पण टिकतं. कुलपासाठी आणि कडीसाठी पाडलेल्या भोकांच्या आतूनही ब्रश फिरवा.

जुना रंग खरवडताना एक खबरदारी. घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आली. त्याआधीच्या रंगांत, विशेषतः जुन्या ऑइल पेंटमध्ये, शिसं असू शकतं. कोरडा घासू नका. पाणी लावून वॉटर पेपरने घासा, मास्क लावा, भुगा ओल्या फडक्याने उचला. हे चालू असताना लहान मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नकोत.

जुन्या नाशकातल्या सागवानी दारांवर मी ऑइल पेंट लावत नाही. लाकूड उघडं ठेवून उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ हात, प्रत्येक हातानंतर जादाचं तेल पुसून, उन्हाळ्यात द्यावेत. पावसाळ्यात हे तेल वाळत नाही, चिकट राहतं आणि त्यावर काळी बुरशी धरते. आणि तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. फडकी उघड्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग फेका.

चौकटीचा पाय कुजला असेल तर

पूर्ण चौकट काढायची गरज क्वचितच असते. चांगल्या लाकडाच्या हद्दीच्या वरून तिरका काप घेऊन कुजलेला पाय काढतात आणि तिथे नवीन सागाचा तुकडा, किंवा बाथरूम असेल तर सरळ ग्रॅनाइट किंवा कडप्प्याचा तुकडा बसवतात. दगड पाणी ओढून वर चढवत नाही, म्हणून मी दगडाच्या बाजूचा आहे. लाकडाचाच तुकडा लावायचा असेल तर तो फरशीत गाडू नका, फरशीच्या वर टेकवा, आणि भिंतीकडच्या बाजूला ब्लॅक जपानचे (डांबरी काळ्या रंगाचे) दोन हात द्या.

बाथरूमची चौकट वरपर्यंत गेली असेल तर लाकूड पुन्हा लावू नका. ग्रॅनाइटची चौकट आणि डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लास्टिकचं मिश्रण) किंवा एफआरपीचं (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकचं) दार हे तिथलं योग्य सामान आहे. पीव्हीसीचं हलकं दार स्वस्त असतं, पण पश्चिमेच्या उन्हात वाकतं. गच्चीला लावू नका. बाहेरचं फ्लश डोअर घेताना आयएस २२०२ चा (फ्लश डोअरच्या भारतीय मानकाचा) शिक्का बघा आणि बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळतं पाणीही सोसणाऱ्या प्रतीचं मागा. एमआर प्रतीचा प्लाय दमट हवा सोसतो, पाणी नाही. दुकानदार "वॉटरप्रूफच आहे" म्हणाला तरी शिक्का वाचा.

पुराचं पाणी

२००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांत सराफ बाजार, भांडी बाजार आणि गंगाघाटालगतच्या घरादुकानांची दारं गाळात उभी होती. गोदावरीच्या घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी चढायला लागलं की तिथली माणसं सामान वर नेतात. शक्य असेल तर आतली हलकी दारंही बिजागरीची खीळ काढून वर न्या, पाच मिनिटांचं काम आहे. पाणी ओसरल्यावर आधी गाळ स्वच्छ पाण्याने धुवा, हातमोजे घालून. फुगलेलं दार लाथ मारून उघडू नका, चौकट सुटते; बिजागरीच्या खिळा काढून उतरवा. मग सावलीत महिना-दीड महिना वाळवल्याशिवाय त्यावर एक पैसाही खर्च करू नका.

इथे थांबा

चौकटीजवळच्या ओल्या भिंतीत स्विचबोर्ड असेल आणि हाताला मुंग्या येत असतील, तर मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत तिथे काहीही करू नका. हे सगळ्यात आधी.

दाराच्या वरच्या कोपऱ्यातून भिंतीत तिरपी भेग गेली आहे, आणि ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) लावल्यावर चौकट एका बाजूला कललेली दिसते. अशा वेळी दार अडतंय ते भिंत बसत असल्यामुळे. रंधा मारून ते झाकलं जाईल, थांबणार नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

जिवंत वाळवी एकापेक्षा जास्त चौकटींत असेल तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा; जमिनीत औषध सोडण्याचं काम घरी करू नका. मीटरवर न दिसणारी गळती वरच्या मजल्यावरून असेल, तर प्लंबर आणि सोसायटीची समिती यांना एकत्र उभं करून बघा, नाहीतर वाद होतो आणि पाणी चालूच राहतं.

जुन्या वाड्यांबद्दल वेगळं सांगतो. पंचवटी, भद्रकाली, रविवार कारंजा या भागांतल्या कित्येक घरांत दाराची चौकट नुसती दाराला धरायला नाही. गणेशपट्टीच्या (चौकटीच्या वरच्या आडव्या पट्टीच्या) वरची तुळई आणि तिच्यावरची भिंत त्या चौकटीच्या खांबांवर उभी असते. तिचा पाय कुजलाय म्हणून कापायला घेतलात तर वरचा भार खाली येऊ शकतो. अशी चौकट टेकू दिल्याशिवाय हलवायची नाही, आणि टेकू देणारा माणूस जुन्या बांधकामाचं काम केलेलाच हवा.

सुताराला फोन करताना खडूच्या खुणांचा फोटो, खालच्या कडेचा फोटो, टोच्या कुठवर रुतला ती उंची आणि पॉलिथिनला थेंब आले की नाही, एवढं सांगा. म्हणजे तो योग्य सामान घेऊनच येईल, आणि काम त्याचं नसेल तर फोनवरच सांगेल की आधी गवंडी बोलवा.